प्रीबायोटिक तंतू : कुत्र्या-मांजरांच्या आतड्यांवरील परिणाम

प्रीबायोटिक तंतू म्हणजे प्राण्याला स्वतःला पचवता येत नाहीत, पण त्याच्या मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे अन्न होतात असे पदार्थ. ही संकल्पना संशोधक ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये माणसाच्या संदर्भात मांडली. पुढे ती पाळीव प्राण्यांच्या आहारातही आली. प्रोबायोटिकमध्ये जिवंत जिवाणू बाहेरून दिले जातात, तर प्रीबायोटिक आत आधीच असलेल्या जिवाणूंना पोसते.

चिकोरीच्या मुळांतून मिळणारे इन्युलिन हे याचे ठळक उदाहरण. त्यातील फ्रुक्टोजच्या साखळीचे दुवे तोडणारे विकर (एन्झाइम) सस्तन प्राण्यांकडे नसते, त्यामुळे इन्युलिन लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकते. मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात आणि अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल (छोट्या साखळीची) मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. आम्लांमुळे आतड्याचा सामू (पीएच) उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि आम्लता न सोसणाऱ्या काही रोगकारक जिवाणूंची वाढ मंदावते. जिवाणूंना कर्बोदक मिळाले की त्यांचा प्रथिनांवरचा भर कमी होतो, त्यामुळे अमोनिया, फिनॉल, इंडोल असे कुजण्यातून येणारे पदार्थ घटू शकतात. विष्ठेच्या उग्र वासाला यांतलेच काही कारणीभूत असतात.

मांजर सक्तीचे मांसाहारी, त्यामुळे तिला तंतूंचे काय काम, असे सहज वाटते. पण तिच्याही मोठ्या आतड्यात आंबवणारे जिवाणू असतात. शिकार खाताना पोटात जाणारे केस, कातडी, कूर्चा यांचा न पचलेला भाग त्यांच्या वाट्याला येतो.

कोणते जिवाणू वाढले तर चांगले, हे माणसाच्या मापाने ठरवता येत नाही. माणसात काही फ्यूझोबॅक्टेरियम जाती रोगांशी जोडल्या जातात. निरोगी कुत्र्याच्या आतड्यात मात्र हा गट विपुल असतो आणि जुनाट जुलाबात तो घटतो. दुसरा महत्त्वाचा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस (आता पेप्टासेटोबॅक्टर हिरानोनिस). तो यकृतात बनणाऱ्या प्राथमिक पित्ताम्लांचे दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतो आणि मेट्रोनिडाझोलसारख्या प्रतिजैविकाने बरेचदा नाहीसा होतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विकसित झालेला कुत्र्यांचा असंतुलन निर्देशांक (आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल किती बिघडला ते दाखवणारा आकडा) अशाच निवडक जिवाणूगटांच्या मोजणीवर आधारलेला आहे. त्यामुळे एखाद्या पूरकाने माणसात उपयुक्त मानले जाणारे बायफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू वाढले, एवढ्यावरून प्राण्याची प्रकृती सुधारली असे म्हणणे घाईचे होईल. शौचाचा घट्टपणा, वजन, भूक आणि जिवाणूंनी बनवलेली रसायने यांना अधिक महत्त्व द्यायला हवे.

सगळे तंतू सारखे वागत नाहीत. फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या, झपाट्याने आंबतात. शुगरबीटचा चोथा मध्यम गतीने आंबतो, म्हणून पशुखाद्यात त्याला मोठे स्थान आहे. इसबगोल फारसा आंबत नाही. तो पाणी धरून बुळबुळीत होतो आणि मांजरांच्या बद्धकोष्ठात कामी येतो, पण प्राणी पुरेसे पाणी पीत असला तरच. यीस्टच्या भित्तिकेतले मॅनन-ऑलिगोसॅकराइड प्रीबायोटिक म्हणून विकले जात असले, तरी त्यांचे मुख्य काम वेगळे आहे: ई. कोलाय, साल्मोनेला यांची आतड्याला चिकटण्याची अंगे ते आपल्याकडे अडकवून ठेवतात. यकृताच्या विकाराने मेंदूवर परिणाम झालेल्या प्राण्यांना लॅक्टुलोज ही न पचणारी कृत्रिम साखर देतात. त्याने आतड्यातली आम्लता वाढते, मेंदूला घातक अमोनियाचे अमोनियम होते आणि ते रक्तात कमी शोषले जाते. औषध म्हणून प्रीबायोटिकचा हा सर्वांत पक्का उपयोग म्हणता येईल.

मात्रा जास्त झाली की पोटात वायू धरतो, गुडगुडते आणि शौच पातळ होते. म्हणून सुरुवात थोडक्या मात्रेने करून ती काही दिवसांत हळूहळू वाढवतात. एकाच मात्रेला दोन प्राण्यांचा प्रतिसाद वेगळा असतो, कारण त्यांच्या आतड्यातले मूळ जिवाणूच वेगळे असतात. एक धोका मात्र ठळकपणे सांगायलाच हवा. माणसासाठीच्या प्रीबायोटिक अन्नाच्या याद्यांत कांदा आणि लसूण असतात. कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी त्यांच्यामुळे फुटतात आणि रक्तक्षय होतो. मांजरे याला विशेष बळी पडतात. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हे विष जात नाही.

पूरक बंद केल्यावर जिवाणूंची मांडणी सहसा पूर्वीच्या वळणावर परतते. रक्त पडणारे किंवा लांबलेले जुलाब, सततची उलटी, घटते वजन अशा वेळी तंतूंची पूड देत बसू नये. आधी पशुवैद्यकाकडून निदान करून घ्यावे.