आंबील ओढा (पुणे) : पूरनियोजन

आंबील ओढा : पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरात उगम पावून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, पर्वतीचा पायथा आणि दांडेकर पूल या मार्गाने मुठा नदीस मिळणारा ओढा. त्याच्या शेवटच्या टप्प्याचे आजचे पात्र नैसर्गिक नसून वळवलेले आहे.

जुने पुणे पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा यांच्यामध्ये वसले होते. ओढा कसब्याच्या पश्चिमेकडून वाहत मुठेला मिळे. तो प्रथम कोणी अडवला याविषयी दोन मते आहेत. परंपरा दादोजी कोंडदेवांनी पर्वतीजवळ बांध घातल्याचे सांगते. म्हणजे हे काम सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ठरते. दुसरे मत प्रवाह वळवण्याचे श्रेय नानासाहेब पेशव्यांना देते. त्यांच्या कारकिर्दीत (१७४०–६१), बहुधा १७५० च्या सुमारास, पर्वतीचा तलाव झाला आणि ओढ्याचे पाणी पश्चिमेकडे काढण्यात आले. ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. आधीचा बांध पाणी अडवण्यापुरता असावा व पात्र कायमचे पेशवेकाळात बदलले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हेतूबाबतही असाच मतभेद आहे. पुरापासून बचाव हे कारण नेहमी दिले जाते. तथापि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे पेठांचा विस्तार झाला, हे लक्षात घेता वस्तीसाठी जागा मिळवणे हाही तितकाच प्रबळ हेतू दिसतो.

त्याच काळात कात्रजला ओढ्यावर बांध घालून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत पाणी आणले गेले. नळाच्या वाटेवरील उच्छ्वास (नळातील हवा मोकळी करणारे मनोरे) आजही काही ठिकाणी दिसतात. बांधांमुळे झालेले हे तलाव पाणीपुरवठ्यासाठी होते, पूर अडवण्यासाठी नव्हे. पावसाळ्याच्या अखेरीस ते भरलेले असले, तर वरून आलेला लोंढा सामावून घेण्यास त्यांत जागा उरत नाही.

विसाव्या शतकात खोरे झपाट्याने भरले. पानशेतच्या पुरानंतर (१२ जुलै १९६१) पूरग्रस्तांच्या काही वसाहती सहकारनगर भागात वसवण्यात आल्या. नदीच्या पुराने उठलेली माणसे अशा रीतीने ओढ्याच्या खोऱ्यात आली. डोंगराचा उतार तीव्र असल्याने पाणी थोड्या वेळात खाली येते. जमीन सिमेंट व डांबराखाली गेली की ते मुरत नाही, अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारे पाणी) वाढतो आणि पुराचा कळस लवकर व उंच येतो. अरुंद मोऱ्या आणि पात्रात घेतलेल्या सीमाभिंती त्यात भर घालतात.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हे सारे एकत्र आले. कात्रजचा तलाव ओसंडला आणि अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे दगावली. त्या पावसात शहर व जिल्हा मिळून वीसहून अधिक मृत्यू झाले.

नियोजनाचा आधार पूररेषा हा आहे. महाराष्ट्रात साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोन रेषांमध्ये निर्बंध असतात. मात्र ही गणिते जुन्या पर्जन्यनोंदींवर बेतलेली असतात, आणि पाणलोटात घरे वाढली की तोच पाऊस अधिक पाणी खाली पाठवतो. म्हणून अशा ओढ्यावर रेषा एकदाच आखून पुरत नाही.

२०१९ नंतर पात्र मोकळे करणे, सीमाभिंती व मोऱ्यांची कामे हाती घेण्यात आली. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ पात्र सरळ करण्यासाठी वस्तीतील घरे पाडण्यास सुरुवात होताच रहिवाशांनी विरोध केला व न्यायालयाने स्थगिती दिली. भर पावसाळ्यात आणि साथीच्या काळात गरिबांची घरे पाडणे समर्थनीय नव्हते. तांत्रिकदृष्ट्याही सरळ पात्र पाण्याचा वेग वाढवते व भार खालच्या भागावर टाकते. खरा उपाय वरच्या अंगाला, तलावांतील गाळ काढून पूर सामावण्याची जागा राखण्यात आणि डोंगरउतार मोकळे ठेवण्यात आहे. त्या बाजूची आंबेगाव (२०१७) व भिलारेवाडी (२०२१) ही गावे महापालिकेच्या हद्दीत बरीच उशिरा आली.