हृदयाचा सीटी स्कॅन केला की कॅन्सर ठरलेलाच?

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा निरोप अगदीच हवेतला नाही, पण शिळा आहे. पूर्वी हृदयाचा अख्खा ठोकाभर क्ष-किरण चालू राहायचे. मात्रा १२-१५ मिलिसिव्हर्टपर्यंत (शरीराला मिळालेले किरण मोजायचं हे माप), कधी त्याहूनही वर जायची. आता ईसीजी बघून, हृदय क्षणभर स्थिरावतं तेवढ्यापुरतेच किरण सोडता येतात. मग मात्रा बहुधा २ ते ५. निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ तर घरबसल्या मिळतेच! सडपातळ माणसाला यंत्राच्या किरण-नळीवर १२० ऐवजी १०० किलोव्होल्टचा दाबही पुरतो, म्हणजे मात्रा आणखी कमी.

पण नाडी संथ हवी, साधारण ६० च्या आसपास. त्यासाठी आधी गोळी देतात आणि आपली माणसं "मला कुठं बीपी आहे?" म्हणून ती परत करतात. ही गोळी बीपीलाही देतात, पण इथं ती नाडी संथ करायलाच असते. दमा असेल तर मात्र गोळीआधीच सांगा.