जपान आणि चीन: कापीव लाकडाच्या आयातीचे दोन आलेख

पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी वृक्षांचे कापीव लाकूड जपान आणि चीन किती आयात करतात, याचे १९९५ पासूनचे आलेख एकाच कागदावर काढले, तर जपानची रेषा उतरताना आणि चीनची चढताना दिसते, आणि २०१० च्या आसपास त्या एकमेकींना छेदतात. जपानची गरज सरली आणि चीनची वाढली, हा त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे.

जपानने १९६४ मध्ये लाकडाची आयात पूर्णपणे खुली केली. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरउतारांवर लावलेली सुगी आणि हिनोकी या जपानी सूचिपर्णी वृक्षांची झाडे तेव्हा कोवळी होती, त्यामुळे पुढची काही दशके घरांच्या खांबांना आणि तुळयांना परदेशी लाकूड मोठ्या प्रमाणावर लागले. २००० च्या सुमारास देशाच्या गरजेपैकी २० टक्क्यांहूनही कमी लाकूड स्वदेशी होते. १९९६ मध्ये सुमारे १६ लाख नव्या घरांची कामे सुरू झाली होती, तर २००९ मध्ये ती संख्या ८ लाखांच्या खाली आली. दरम्यान सुगीची वने तोडणीला आली आणि २०२० पर्यंत स्वदेशी लाकडाचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात पोहोचला. म्हणजे उतरत्या रेषेमागे घटलेली घरबांधणी आहे, तसेच झाडांचे वयही आहे.

चीनची कहाणी १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरापासून सुरू होते. त्यानंतर सरकारने नैसर्गिक वनांतील तोडीवर कठोर निर्बंध घातले आणि लाकडाची तूट प्रामुख्याने रशियातून, मांझौलीसारख्या सीमेवरील शहरांमार्गे, भरून निघू लागली. पण ते लाकूड बहुतांशी गोल ओंडक्यांच्या रूपात येत असे. रशियाने ओंडक्यांवरील निर्यातकर २००७ मध्ये ६.५ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये तो २५ टक्क्यांवर नेला, तेव्हा कापणीचे काम रशियाच्या बाजूला सरकू लागले. ओंडका कापल्यावर त्याच्या घनफळाच्या जवळपास निम्म्याच फळ्या हाती येतात आणि ओंडके या आलेखात मोजलेलेच नाहीत, हे ध्यानात घेतले, तर चीनच्या रेषेतील चढाचा काही भाग लाकडाचे रूप बदलल्यामुळे आलेला आहे, हे कळते. ओंडके वगळून केवळ कापीव लाकडाची तुलना करणारे आलेख म्हणूनच मला अपुरे वाटतात.

२००० साली दहा लाख घनमीटरच्याही आत असलेली चीनची ही आयात २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख घनमीटरवर गेली. त्याच वर्षी जपानची आयात ५० लाख घनमीटरहून थोडी अधिक होती. तरीही लोकसंख्येने भागल्यास दरडोई आकडा जपानचाच सुमारे दुप्पट भरतो.

वापरातही मोठा फरक आहे. जपानमध्ये हे लाकूड घराच्या सांगाड्यात जाते, आणि १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तेथे वाळवलेल्या, थर चिकटवून तयार केलेल्या लाकडाला मागणी वाढल्याने स्वीडन आणि फिनलंड यांचे महत्त्व वाढले. चीनमध्ये मात्र मोठा हिस्सा काँक्रीटच्या इमारतींच्या सेंट्रिंगमध्ये खपतो, जेथे काही वेळा वापरून फळ्या टाकून दिल्या जातात. कॅनडातील भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनचे हलक्या प्रतीचे लाकूडही त्यामुळे तेथे खपले. साहजिकच २०२१ पासून चीनमधील गृहबांधणी मंदावली, तशी ही आयातही खाली आली.