वीरगळ आणि सतीशिळा : शिल्पपटांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ग्रामदैवताच्या देवळाबाहेर किंवा शिवेवर शेंदूर फासलेल्या उभ्या कोरीव शिळा आढळतात. त्यांतल्या बऱ्याचशा वीरगळ, म्हणजे लढताना कामी आलेल्या माणसांची स्मारके असतात. साताऱ्याजवळच्या किकलीसारख्या गावात तर ती मोठ्या संख्येने एकत्र पाहायला मिळतात. कर्नाटकातल्या वीरगळांवर अनेकदा लेख असतो आणि त्यातून वीराचे नाव, राजा आणि शक कळतो. आपल्याकडचे वीरगळ बहुतांशी लेखाविना आहेत, त्यामुळे शिल्प हाच त्यांचा मजकूर ठरतो.

हा मजकूर खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या पटात वीर मरून पडलेला असतो. त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतील, तर गावाचे गोधन पळवणाऱ्यांशी लढताना त्याला मरण आले असे समजावे. गोधन हीच संपत्ती असलेल्या काळात असे हल्ले वारंवार होत. त्यावरच्या पटात ढाल-तलवारीची लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर दिसतो. जिंकल्यास लक्ष्मी मिळते, मेल्यास सुरांगना मिळते, मग रणातल्या मरणाची चिंता कशाला, अशा अर्थाचा संस्कृत श्लोक कर्नाटकातल्या कित्येक वीरगळांवर आहे; अप्सरांच्या पटाचा अर्थ त्याहून वेगळा नाही. माथ्यावरचे चंद्र-सूर्य ही कीर्ती चिरकाल टिकेल असे सांगतात. मात्र चंद्र-सूर्य गद्धेगळांवरही असतात आणि ते दानपत्र मोडणाऱ्याला शाप देणारे दगड आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून शिळेला वीरगळ ठरवू नये.

सतीशिळेची खूण वेगळी आहे. स्तंभातून निघालेला, कोपरात काटकोनात वळलेला हात आणि त्यावरचा न फुटलेला चुडा पतीच्या मृत्यूनंतरही सौभाग्य अखंड राहिल्याचा दावा करतो. गौरवाच्या या भाषेत त्या स्त्रीच्या इच्छा-अनिच्छेला कुठेच जागा नाही, हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. मुंबई इलाख्यात 1830 साली सतीबंदी लागू झाली.

अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात ते खालचे पट. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत; शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात 1265 च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. पूजेच्या पटावरून असा तर्क करता आला नसता, कारण ते दृश्य जवळजवळ ठरीव असते. पण जीर्णोद्धाराच्या वेळी शिळा सिमेंटच्या ओट्यात घट्ट बसवल्या, की आधी बुजतो तो नेमका तळाचा पट.