दीर्घकालीन वेदना आणि स्मृतीची घसरण

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. गुडघ्यांचा संधिवात, कंबरदुखी, मणक्यातील दबलेली नस, नागिणीनंतर राहणारी आग, मधुमेहात पायांना होणारी जळजळ ही तिची नेहमीची रूपे. अशा वेदनेने त्रासलेल्या वृद्धांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा लवकर उतरते का, या प्रश्नावर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या अभ्यासांपैकी एक एलिझाबेथ व्हिटलॉक या भूलतज्ज्ञ संशोधिकेचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला हा अभ्यास २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

व्हिटलॉक यांचा अभ्यास : यासाठी नवे रुग्ण जमवलेले नव्हते. मिशिगन विद्यापीठ १९९२ पासून पन्नाशीपुढील अमेरिकनांची दर दोन वर्षांनी मुलाखत घेत आले आहे. त्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’ पाहणीतील, घरी राहणाऱ्या, साठीपुढच्या १०,०६५ जणांची माहिती वापरली गेली. वेदनेविषयीचे दोन प्रश्न या अभ्यासासाठी वापरले. वारंवार दुखण्याचा त्रास होतो का, आणि होत असेल तर बहुतेक वेळ ते दुखणे सौम्य, मध्यम की तीव्र असते? १९९८ आणि २००० या दोन्ही फेऱ्यांत ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ असे उत्तर देणाऱ्यांनाच ‘चिवट वेदना’ गटात धरले. पडून मनगट मोडले, दात ठणकला, शस्त्रक्रिया झाली अशी तात्पुरती दुखणी या अटीमुळे बहुतांशी गळून पडतात. उरलेले १०.९ टक्के, म्हणजे सुमारे अकराशे लोक या गटात आले आणि सगळ्यांचा मागोवा २०१२ पर्यंत घेतला गेला.

स्मृतीची चाचणी साधी आहे. मुलाखतकार दहा नामे वाचून दाखवतो, ती लगेच सांगायला लावतो, मध्ये दुसरे प्रश्न विचारतो आणि काही मिनिटांनी तीच नामे पुन्हा विचारतो. खरी परीक्षा या दुसऱ्या वेळी असते. ज्यांना मुलाखत देणेच जमेनासे झाले, त्यांच्याविषयी घरच्यांना विचारून दोन्ही प्रकारची माहिती एका गुणांकात बसवली जाते. असे केले नाही तर सर्वाधिक घसरलेली माणसेच हिशेबातून निसटतात आणि घसरण खोटीच कमी दिसते.

निष्कर्ष असा, की चिवट वेदना असलेल्यांची स्मृती ९.२ टक्के अधिक वेगाने घटली. (सांख्यिकीय मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता मोठी तो पट्टा : २.८ ते १५.० टक्के.) हा आकडा फार वेळा चुकीचा वाचला जातो. स्मृती ९ टक्क्यांनी गेली, असा त्याचा अर्थ नाही. वयाबरोबर होणाऱ्या घटीचा वेग तेवढा जास्त होता, इतकेच तो सांगतो. एका माणसाच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. व्यवहारात तो कुठे जाणवेल याचाही अंदाज संशोधकांनी बांधला : दहा वर्षांनी स्वतःची औषधे स्वतः सांभाळता न येण्याची जोखीम १५.९ टक्के आणि पैशांचे व्यवहार न जमण्याची ११.८ टक्के अधिक. याही सापेक्ष जोखमी आहेत, म्हणजे इतरांच्या जोखमीच्या तुलनेत तेवढ्या अधिक.

या अभ्यासाला न सांगता आलेल्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. वेदना शरीरात कुठे आहे आणि कशामुळे आहे, हे त्यातून कळत नाही. रुग्ण कोणत्या गोळ्या घेत होता हेही नाही, त्यामुळे परिणाम वेदनेचा की वेदनाशामकांचा, हे वेगळे काढता येत नाही. चिवट वेदना असलेल्यांत नैराश्याची लक्षणे आणि दैनंदिन कामांतील अडचणी सुरुवातीपासूनच जास्त होत्या. इथे विश्लेषकाची कोंडी होते. नैराश्य हा वेदनेपासून विस्मरणापर्यंत जाणारा रस्ताच असेल, तर आकडेमोडीत ते वजा करणे म्हणजे मोजायची गोष्टच पुसून टाकणे.

मेंदूतील बदल : शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वानिया अपकारियन यांच्या गटाने २००४ साली जुनाट कंबरदुखीच्या २६ रुग्णांचे एमआरआय निरोगी माणसांशी ताडून पाहिले. रुग्णांच्या मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, करडे द्रव्य (चेतापेशींनी दाट भरलेला भाग) ५ ते ११ टक्के कमी भरले. वयानुसार १० ते २० वर्षांत व्हावी तेवढी ही घट. ‘दुखण्याने मेंदू आक्रसतो’ असे मथळे तेव्हापासून फिरत आहेत. ते अर्धवट आहेत. हॅम्बुर्गच्या गटाने २००९ साली खुब्याच्या संधिवाताचे रुग्ण तपासले. खुबा बदलल्यावर ज्यांचे दुखणे थांबले, त्यांच्यात काही भागांतील करडे द्रव्य पुन्हा वाढलेले दिसले. मॅकगिल विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासातही कंबरेवरील उपचारांनंतर सहा महिन्यांनी डाव्या कपाळखंडातील बाह्यकाची जाडी वाढली. पेशी मेल्या असत्या तर हे झाले नसते. म्हणजे यातला निदान काही भाग परतणारा आहे. मात्र हे सगळे गट लहान आहेत.

कार्यकारण : तीन शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वेदना लक्ष खेचून घेते. ऐकलेले नीट नोंदलेच गेले नाही तर आठवणार काय? ही तात्कालिक अडचण असते आणि दुखणे उतरले की तीही उतरते. दुसरी वाट हळू आहे : मोडलेली झोप, बसून राहणे, बाहेर जाणे बंद होणे, उदासी, ताणाची संप्रेरके. नसेला इजा केलेल्या उंदरांमध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागातील नव्या चेतापेशींची निर्मिती घटल्याचे आढळले आहे. तिसरी शक्यता उलट्या दिशेची : स्मृतिभ्रंशाची प्रक्रिया निदानाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते आणि वाढती वेदना हे तिचेच आगाऊ लक्षण असू शकते. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीतील २७ वर्षांच्या माहितीचे विश्लेषण याच बाजूला झुकते. व्हिटलॉक यांचा पाठपुरावा सुमारे बारा वर्षांचा असल्याने ही शंका त्यांच्या आकड्यांनी फिटत नाही.

औषधांबाबत सिअ‍ॅटलमधील वृद्धांचा २०१५ चा अभ्यास उपयोगी पडतो. अफूजन्य वेदनाशामके भरपूर घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची जोखीम थोडी अधिक दिसली. पण आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे भरपूर घेणाऱ्यांतही ती दिसली. दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या औषधांचा एकच परिणाम दिसत असेल, तर संशय गोळीपेक्षा मूळ दुखण्यावर जातो.

भारतातील मोजमाप : मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ‘लासी’ (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) ही पाहणी चालवते. तिची आखणी अमेरिकेतील वरील पाहणीच्या धर्तीवर आहे. २०१७-१८ ची पहिली फेरी ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची होती आणि दहा शब्दांची चाचणी तिच्यातही आहे. तिच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत ७.४ टक्के प्रमाण अंदाजले.

दवाखान्यात : ‘दुखतं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘वयाचंच आहे, चालायचंच’ असे उत्तर मिळते आणि नोंद ‘वेदना नाही’ अशी होते. त्याऐवजी ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या असे एकेक शब्द घेऊन विचारावे; रात्री कितीदा जाग येते आणि जिना कोणता पाय पुढे टाकून उतरता, हेही विचारावे. स्मृतीची चाचणी दुखणे उसळलेल्या दिवशी घेऊ नये. घ्यावीच लागली तर गुणांशेजारी त्या वेळची वेदना (० ते १०), शेवटच्या गोळीची वेळ आणि आदल्या रात्रीची झोप लिहावी आणि उपचारानंतर सहा-आठ आठवड्यांनी ती पुन्हा घ्यावी. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले आहे ना, ही खात्री आधी. सगळ्या गोळ्या पिशवीसकट मागवाव्यात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, प्रेगाबालिन, ट्रामाडॉल, स्नायू सैल करणाऱ्या मिश्र गोळ्या आणि सर्दीची औषधे यांनी येणारी गुंगी वृद्धांत विस्मरणासारखी दिसते. त्या एकदम तोडू नयेत. विशेषतः प्रेगाबालिन टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. विस्मरणाची इतर कारणे शोधण्यासाठी थायरॉइड, ब-१२ आणि रक्तातील सोडियम तपासणे स्वस्त आहे आणि तरी राहून जाते.

स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला असेल तर रुग्ण दुखणे सांगू शकत नाही. तो चिडतो, ओरडतो, अंघोळीला विरोध करतो. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत बेटिना हुसेबो यांनी केलेल्या आणि २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत अशा ३५२ रुग्णांपैकी एका गटाला पायरीपायरीने वेदनाशामके दिली. पहिली पायरी दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम पॅरासिटामॉल ही होती. आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली आणि औषध थांबवल्यावर पुन्हा वाढली. अशा रुग्णांसाठी ‘पेनॅड’ मापनपट्टी वापरतात : श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत काढल्यावर शांत होणे, या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण. ती निजलेल्या रुग्णावर भरली तर शून्य येते. कूस बदलताना, कपडे घालताना किंवा खुर्चीतून उठवताना भरायची असते.