बेमोल: एका अक्षराच्या दोन आकारांची पार्श्वभूमी

बाख या जर्मन संगीतकाराच्या ज्या मासला (चर्चमधल्या उपासनेसाठीच्या संगीतरचनेला) इंग्रजीत 'बी मायनर' म्हणतात, तिचा उल्लेख जर्मनीत 'हा-मोल' असा होतो. सूर एकच, पेटीवर सी हा षड्ज धरला तर पांढरी सात. जर्मन वादक नुसतं 'बे' म्हणाला, तर मात्र त्याला काळी पाच हवी असते. हा फरक मध्ययुगातल्या चर्चगायनातून आलेला आहे, आणि कोमल स्वरासाठी युरोपातल्या कित्येक भाषांत असलेला 'बेमोल' हा शब्दही तिथलाच.

त्या काळी स्वरांना ए ते जी अशी लॅटिन अक्षरं होती. त्यांत 'बी' तेवढा डळमळीत. एफपासून शुद्ध बीपर्यंत तीन पूर्ण स्वरांचं अंतर पडतं, आणि ते गायकांना खटके. मग चाल बघून बी अर्धा स्वर खाली घेत. पण पोथीत हे दाखवायचं कसं? उतरवलेला बी गोल पोटाचा काढत, शुद्ध बी चौकोनी. गोल तो 'मोल', म्हणजे मऊ. चौकोनी तो 'दुरुम', म्हणजे कठीण. आज स्वरलिपीत कोमलासाठी जी खूण वापरतात ती हाच गोल बी. आपल्या 'कोमल'शी अर्थ जुळतो खरा, पण दोन्ही परंपरांचा इथे काही संबंध नाही.

अकराव्या शतकात अरेझोच्या ग्विदो या इटालियन मठवासीयाने संत योहानाच्या स्तोत्रातल्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावं रूढ केली. सहाच. सातव्याला त्याने नाव दिलं नाही. बी गरजेप्रमाणे कधी 'मी' म्हणून गायचा, कधी 'फा' म्हणून. सातव्या स्वराचं 'सी' (si; वरचं सी हे अक्षर नव्हे) हे नाव कित्येक शतकांनंतर आलं.

इथून भाषांच्या वाटा फुटल्या. इटालियनांनी 'बेमोल्ले' म्हटलं, फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी 'बेमोल'. चौकोनी बीचं फ्रेंचांत 'बेकार' झालं. हळूहळू त्यातला बी लोक विसरलेच आणि शब्द कुठल्याही स्वराला लागू लागला. 'मी बेमोल' (म्हणजे कोमल मी) याचा शब्दशः अर्थ 'मी, मऊ बी' असा होतो, पण म्हणणाऱ्याला तो जाणवतही नाही. फ्रेंचमध्ये बोलणं जरा सौम्य करायचं झालं तरी 'बेमोल लावा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये मात्र एखाद्या गोष्टीला 'बेमोल आहेत' म्हणजे ती भलतीच अवघड आहे! पोर्तुगीजांच्या चर्चसंगीताबरोबर ही सोल्फाची (दो-रे-मी या स्वरनावांची) परिभाषा गोव्यातही पोचली.

जर्मनांनी अक्षरंच ठेवली. चौकोनी बीचा आकार एचसारखा दिसे; त्यामुळे शुद्ध स्वर 'हा' (एचचा जर्मन उच्चार) झाला आणि 'बे' हे नाव गोल बीकडे, म्हणजे कोमलाकडे राहिलं. 'दुर' आणि 'मोल' हे शब्द मात्र त्यांनी एका स्वरावरून उचलून अख्ख्या स्वरसप्तकाला दिले: दुर म्हणजे मेजर, मोल म्हणजे मायनर. याला कारणही आहे. जी हा षड्ज धरला तर शुद्ध बी हा शुद्ध गंधार होतो आणि कोमल बी हा कोमल गंधार; मेजर आणि मायनर यांतला मुख्य फरक याच गंधाराचा. म्हणून फ्रान्समध्ये एका स्वराचं उतरणं सांगणारा शब्द जर्मनीत रचनेची सगळी प्रकृती सांगतो.

या 'हा'मुळेच बाखचं आडनाव वाजवता येतं: बे, आ, त्से, हा, म्हणजे बी, ए, सी, एच. 'फुगाची कला' या त्याच्या संग्रहातल्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या फुगात (एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशा रचनेत) हे चार स्वर ओळीने येतात. शूमान आणि लिस्ट यांनीही त्यांवर रचना केल्या. पुढे शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराने तीच युक्ती स्वतःच्या नावासाठी केली. त्याच्या रशियन भाषेत स्वरांना दो-रे-मी म्हणतात आणि कोमलाला फ्रेंचांसारखं 'बेमोल'. त्यात त्याचं नाव बसेना. मग त्याने नावाच्या जर्मन लेखनातली डी, एस, सी, एच ही आद्याक्षरं घेतली. यातला 'एस' हे जर्मनीत कोमल ईचं नाव. १९५३च्या दहाव्या सिम्फनीत आणि १९६०च्या आठव्या क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेत) हे चार स्वर पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि त्यातला शेवटचा तोच चौकोनी बी आहे.