‘घरी कोण कोण असतं?’ : मानसिक आजाराच्या केसपेपरवरच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मनोविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेलात की झोप कशी लागते, भूक आहे का, कसले आवाज ऐकू येतात का, हे सगळं विचारून होतं. मग डॉक्टर केसपेपरवरून मान वर करतात आणि विचारतात, “घरी कोण कोण असतं?” सोबत आलेल्या नातेवाइकांना वाटतं, या चार इकडच्या-तिकडच्या गप्पा, खरी तपासणी अजून व्हायचीय. पण तपासणी चालूच असते. रक्तदाब मोजावा तसंच इथेही काहीतरी मोजणं चाललेलं असतं. नेमकं काय मोजायचं हे ठरायला दोनशे वर्षं लागली, आणि मधल्या काळात बऱ्याच निरपराध आयांना बोल खावे लागले.

माणसाचं मन बिघडणं आणि त्याच्या भोवतीची माणसं यांचा काहीतरी संबंध आहे, ही जाण मनोविकारशास्त्रापेक्षा जुनी आहे. बेल्जियममधल्या गील गावात मनोरुग्णांची तारणहार मानल्या गेलेल्या संत डिम्फ्नाचं चर्च आहे. मध्ययुगात लांबलांबहून लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन तिथे येत. चर्चमध्ये जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली आणि तो शिरस्ता शेकडो वर्षं टिकला. १९३०च्या दशकाच्या अखेरीला गीलमधल्या कुटुंबांत साडेतीन हजारांवर मनोरुग्ण राहत होते. गावकरी त्यांना जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘रुग्ण’ असा होत नाही. आपल्या बोलीत सांगायचं तर ‘पेइंग गेस्ट’. हे सगळं भूतदयेपोटीच चाललं असं समजायचं कारण नाही. शेतीला हात मिळत आणि घरात चार पैसे येत. पण त्यातूनच आजारी माणसाला पानावर जागा मिळत होती आणि सकाळी उठून करायला काम होतं.

इंग्लंडमधली गोष्ट एका मृत्यूपासून सुरू होते. १७९० साली हॅना मिल्स नावाची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. तिच्या पंथाची माणसं भेटायला गेली, तर त्यांना भेटू दिलं नाही. काही आठवड्यांत ती वारली. या घटनेने अस्वस्थ झालेला विल्यम ट्यूक डॉक्टर नव्हता, चहाचा व्यापारी होता. त्याने १७९६ साली यॉर्कमध्येच ‘रिट्रीट’ सुरू केलं. तिथे साखळदंडांना फाटा होता. बागकाम, शिवणकाम आणि माणसासारखं वागवणं हाच उपचार. पुढच्या शतकात या कल्पनेचं नाव घेतच मोठमोठी मनोरुग्णालयं उभी राहिली, आणि एकेका भिंतीआड हजारो माणसं कोंबली गेली. घरी कोण असतं हे विचारायचं कारणच उरलं नाही. घरी परत जातंय कोण?

भिंतीबाहेर मात्र दुसरेच लोक हिशेब करू लागले होते. १८९७ साली एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सरकारी नोंदवह्या चाळून दाखवलं, की आत्महत्येसारखी अगदी खाजगी वाटणारी गोष्टसुद्धा समाजात एका ठरावीक प्रमाणात घडते. अविवाहितांत ती विवाहितांपेक्षा जास्त, प्रॉटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त. जिथे माणूस माणसांत कमी गुंतलेला, तिथे धोका अधिक, हे त्याचं सूत्र. त्याच्या आकड्यांवर पुढे भरपूर टीका झाली, आणि तीही रास्तच होती. मृत्यूचं कारण लिहिणारा कारकून कुठल्या गावचा आणि कुठल्या धर्माचा, यावरही नोंद बदलते. सूत्र मात्र पुसलं गेलं नाही.

मला स्वतःला या साऱ्या इतिहासात सगळ्यात जवळचं वाटतं ते व्हिएन्नाजवळच्या मारीएनथालचं काम. ही एका कापडगिरणीवर जगणारी वस्ती. १९२९-३०च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे पोचले. त्यांनी नुसत्या मुलाखती घेतल्या नाहीत. मुख्य रस्त्यावर नजर ठेवून, चालणारी माणसं वाटेत किती वेळा थांबतात हे त्यांनी मोजलं. पुरुषांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तेवढ्याशा अंतरात निदान दोनदा थांबत. न थांबता जाणारा दहांत एखादाच. बायका फारशा थांबत नव्हत्या, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडत नाही. गावच्या वाचनालयाची वर्गणी माफ केली होती आणि वेळ तर सगळ्यांकडे रग्गड होता. तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. बेकारीने लोक पेटून उठतील अशी अनेकांची अपेक्षा होती, प्रत्यक्षात ते विझत गेले. पगारासोबत दिवसाची घडी, चार सोबती आणि ‘मी अमुक आहे’ हे सांगायची सोय गेली, असं याहोडा पुढे अनेक वर्षं मांडत राहिली. हा अभ्यास १९३३ साली छापला गेला. मानसिक आरोग्यावरच्या चर्चेत त्याची आठवण क्वचितच निघते, हे मला नवलाचं वाटतं.

१९३९ साली शिकागोतून वेगळाच नकाशा आला. रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम यांनी मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या हजारो लोकांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास-भ्रमांच्या गंभीर आजाराचे, रुग्ण शहराच्या मध्यातल्या, भाड्याच्या खोल्यांच्या पडीक भागात दाटलेले होते, आणि कडेच्या सुस्थितीतल्या वस्त्यांकडे जावं तसे ते विरळ होत जात. मग आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद सुरू झाला. अशा वस्तीत राहून माणूस आजारी पडतो, की आजारी माणूस घसरत घसरत अशा वस्तीत येऊन पडतो? गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी १९६३ साली इंग्लंडमध्ये एक साधी युक्ती केली. त्यांनी रुग्णांच्या वडिलांचे व्यवसाय पाहिले. वडील समाजाच्या सगळ्या थरांत पसरलेले होते; खाली आले होते ते मुलगे. म्हणजे स्किझोफ्रेनियात घसरणीचा वाटा मोठा. १९९२ साली इस्राएलमधल्या एका मोठ्या अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला, पण त्याच अभ्यासात स्त्रियांचं नैराश्य आणि पुरुषांची व्यसनं यांच्याबाबतीत पारडं उलट झुकलं. तिथे परिस्थितीच आधी येत होती. ‘मानसिक आजार’ असा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला की अशा चर्चेचा कसा विचका होतो, ते इथे दिसतं.

आता त्या आयांकडे येऊ. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषकाने स्किझोफ्रेनिया ‘निर्माण करणाऱ्या’ आईची कल्पना मांडली: थंड, हेकेखोर, मुलाला धड जवळही न घेणारी आणि धड सोडतही नसलेली. पुरावा असा फारसा नव्हता. तरी ही कल्पना दोन-तीन दशकं ठाण मांडून बसली, आणि आधीच खचलेल्या आईला दवाखान्यातून ‘हे तुमच्यामुळे झालं’ हे ओझं घेऊन घरी जावं लागलं.

जॉर्ज ब्राउन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं काम त्याच काळातलं, आणि वरवर पाहिलं तर त्याच दिशेचं वाटेल असं. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी नवी औषधं आली आणि वर्षानुवर्षं आत असलेले रुग्ण बाहेर पडू लागले. त्यातले कोण परत येतात हे ब्राउन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. १९५८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कुणालाच अपेक्षित नव्हता. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहायला गेलेले अधिक बरे राहिले होते.

म्हणजे नुसतं ‘घरी माणसं आहेत’ एवढं पुरत नाही. मग घरात नेमकं काय होतं? ते शोधायला ब्राउनच्या गटाने नातेवाइकांच्या लांबलचक मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि शब्दांसोबत आवाजाचा सूरही मोजला. “तो दुपारपर्यंत झोपून असतो” ही माहिती झाली. “दुपारपर्यंत नुसता लोळत असतो!” ही टीका. पहिल्या वाक्यात आजार आहे, दुसऱ्यात आळशी मुलगा. टीका, राग आणि दुसऱ्या टोकाचं अतिगुंतणं, म्हणजे पंचविशीतल्या मुलाचं ताट वाढण्यापासून डुलकीपर्यंत सगळ्यावर डोळा ठेवणं, याला त्यांनी ‘व्यक्त भावना’ असं काहीसं कोरडं नाव दिलं. १९७६ साली क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आधीचे आणि नवे मिळून १२८ रुग्णांचा हिशेब मांडला. शांत घरांत परतलेल्यांपैकी नऊ महिन्यांत १३ टक्क्यांचा आजार उलटला, ‘व्यक्त भावना’ जास्त असलेल्या, म्हणजे तापलेल्या, घरांत ५१ टक्क्यांचा. तापलेलं घर, आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त समोरासमोर बसणं आणि औषध बंद, अशा तिहेरी कात्रीत सापडलेल्यांपैकी ९२ टक्क्यांचा. पण घर तसंच तापलेलं असूनही सहवास कमी आणि गोळ्या चालू असतील, तर आकडा १५ टक्क्यांवर येत होता. औषध की माणसं, असा वाद घालणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

आणि हे घर तापतं का, तर बहुतेक वेळा आजार म्हणजे काय हे कुणी त्यांना नीट सांगितलेलंच नसतं म्हणून. ‘मुद्दाम करतो’ असं वाटणाऱ्या माणसाचाच सूर चढतो. त्यातून कुटुंबीयांना आजाराची माहिती देणं, त्यांच्या बैठका घेणं, हा उपचाराचाच भाग झाला. आपल्याकडे काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला ‘शुभंकर’ आणि रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणायची रीत आधारगटांतून रुजली आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातली आई ते शुभंकर हे अंतर केवढं आहे, ते वेगळं सांगायला नको.

ब्राउन पुढे नैराश्याकडे वळला. टिरिल हॅरिस यांच्यासह त्याने लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या ४५८ स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. मोठा आघात झाल्यावर कोण कोलमडतं आणि कोण तग धरतं? नवरा किंवा जोडीदाराशी मनातलं सगळं बोलता येतं अशा स्त्रियांत दहांत एकीला नैराश्याने गाठलं होतं. असं कुणी नसलेल्यांत दहांत चौघींना. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, बाहेर नोकरी नसणं आणि अकरा वर्षांची व्हायच्या आत आई गेलेली असणं, याही गोष्टी घातक ठरत होत्या. यातल्या बऱ्याचशा बायकांच्या घरी ‘कोण कोण’ होतंच. बोलायला कुणी नव्हतं. दोन वर्षं आधी सिडनी कॉब या अमेरिकी डॉक्टरने आधाराची जी व्याख्या केली होती, तीही डोकी मोजणारी नव्हती. आपल्यावर कुणाचं तरी प्रेम आहे, आपल्याला किंमत आहे आणि एकमेकांसाठी धावून जाणाऱ्यांत आपण मोडतो, ही खात्री म्हणजे आधार, असा तिचा आशय.

एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांना इथे जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आठवेल. १९६०च्या दशकात सुरू झालेल्या त्या अभ्यासात नऊ केंद्रं होती, त्यांत आपलं आग्राही. दोन वर्षांनी पाहिलं तर आग्रा, नायजेरियातलं इबादान आणि कोलंबियातलं काली इथले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे होते. मग कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गायले गेले. २००८ साली विक्रम पटेल, आर. थारा आदींनी ही समजूत पुन्हा तपासायला घेतली आणि दाखवलं, की इतर देशांतल्या नोंदी पाहता चित्र इतकं सरळ नाही. घरात दहा माणसं असून दहांपैकी एकही विचारत नाही, हे आपणही पाहिलेलं असतंच.

गरिबीमुळे आजार की आजारामुळे गरिबी, हा आधीचा प्रश्न मात्र एका योगायोगाने सुटायला मदत झाली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जेन कॉस्टेलो यांचा गट १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्यावर लक्ष ठेवून होता. त्यांतली सुमारे पाव मुलं तिथल्या मूळनिवासी जमातीची. १९९६च्या सुमाराला जमातीच्या जमिनीवर कसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. पैसा मिळवायला कुणी काही केलेलं नव्हतं, त्यामुळे ‘कर्तबगार कुटुंबांची मुलं शहाणी निघाली’ असं म्हणायची सोय राहिली नाही. दारिद्र्यातून वर आलेल्या घरांतल्या मुलांचे वर्तनाचे त्रास कमी झाले, थेट कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आले. आईवडिलांना मुलांकडे बघायला वेळ मिळू लागला, हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांवर मात्र फारसा फरक पडला नाही. पैसा काही ठिकाणी पोचतो, काही ठिकाणी नाही.

सरकारांना जाग आली ती अगदी अलीकडे. ब्रिटनने २०१८ साली एकाकीपणाची जबाबदारी एका मंत्र्याकडे दिली, जपानने २०२१ साली तेच केलं, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने माणसामाणसांतल्या नात्यांसाठी आयोग नेमला.

पण काम कसं दिसतं ते बघायचं तर झिंबाब्वेतल्या हरारेला जावं लागेल. देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्याच डिक्सन चिबांडा यांनी २००६च्या सुमाराला म्बारे वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं आणि आरोग्यकेंद्राबाहेर एक लाकडी बाक टाकला. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला सरळ प्रतिशब्द नाही. लोक म्हणतात ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणं. आज्या तोच शब्द वापरतात. उपचाराच्या पहिल्या पायरीचं नाव ‘मन उघडणं’, आणि तीत आजीने बहुतेक वेळ ऐकायचंच असतं. पुढे २४ आरोग्यकेंद्रांत रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांत निम्म्या लोकांना नैराश्याची लक्षणं होती, बाकावर बसून गेलेल्यांत १४ टक्क्यांना. बाकावरची सत्रं संपली की ज्याला हवं त्याने गटात यायचं. तिथे गोल करून बसतात, जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणायला घेतात, आणि हात चालू असतानाच कुणीतरी बोलायला लागतं.